राजाश्रयातील श्रद्धा

धर्म आणि राज्य यांची फारकत झाली की राज्य निधर्मी होते, असे आपण सहज बोलून जातो. तुर्कस्तानात मात्र अशी फारकत झालीच नाही. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने खिलाफत बरखास्त केली. (जिच्या रक्षणासाठी आपल्याकडे चळवळ झाली, तीच ही खिलाफत, ती मोडली इंग्रजांनी नव्हे, खुद्द तुर्कांनी.) परंतु त्याच दिवशी तिने धर्मव्यवहारांसाठी एक सरकारी खातेही स्थापन केले. इमामांच्या नेमणुका या खात्याकडे गेल्या. राज्याने धर्म सोडला नाही, तो मुठीत घेतला.

मूठ किती घट्ट असावी? १९३२ पासून मशिदीतील बांगही अरबीऐवजी तुर्की भाषेत देण्याची सक्ती झाली. १९४१ मध्ये अरबी बांग हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. परमेश्वराला कोणत्या भाषेत हाक मारावी, हे पोलीस ठरवू लागले! जून १९५० मध्ये, निवडणुकीने सत्ता पालटताच, ही बंदी उठली. लोकांना मताचा अधिकार मिळाल्यावर त्यांनी आधी काय मागितले, याचा विचार तेथील निधर्मी पुढाऱ्यांनी पुरेसा केला नाही, असे मला वाटते. १९९९ मध्ये लोकांनी निवडून दिलेल्या मेर्वे कावाक्ची यांना, डोक्यावर रुमाल आहे म्हणून, संसदेत शपथ घेऊ दिली गेली नाही.

पुढे एर्दोआन यांच्या राजवटीत, २०१३ साली, बहुतेक सरकारी नोकऱ्यांतील रुमालबंदी उठली. हा न्यायच होता. पण धर्मखाते बरखास्त झाले नाही. उलट ते वाढले. हागिया सोफिया ही मूळची ख्रिस्ती उपासनेची वास्तू १४५३ मध्ये मशीद झाली आणि १९३४ च्या सरकारी निर्णयाने संग्रहालय. जुलै २०२० मध्ये ती पुन्हा मशीद झाली. दोन्ही वेळा निर्णय वरूनच: पहिला मंत्रिमंडळाचा, दुसरा न्यायालयाच्या निकालानंतर राष्ट्राध्यक्षांचा. आपले मन दुखावले ते दुसऱ्या निर्णयाने; तरी पहिल्याची पद्धत आपण कधी तपासली होती काय?

या सगळ्यात अलेवींचा विचार कोणाच्याच मनात नव्हता. मुस्लिम परंपरेतीलच हा मोठा समाज मशिदीत नव्हे, ‘जेमएवी’त जमतो. त्यांच्या या प्रार्थनागृहांना मशिदीचा दर्जा कमालवाद्यांनी दिला नाही आणि एर्दोआन यांनीही दिला नाही. सुन्नी इमामांचा पगार मात्र अलेवींच्या करांतूनही निघतो.