खिडकीतली भाकरी

ओतूरच्या शिवारात उसाला लागून एका शेतकऱ्याची वस्ती होती. घरात तो, बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई. मागे गोठ्यात गाय नि चार शेळ्या, पुढे दारात साखळीला वाघ्या. दिवसभर बांधलेलं कुत्रं रात्री कंटाळून भुंकायचं. म्हातारीची झोपमोड व्हायची, मग ती उशाशी ठेवलेली चतकोर भाकरी खिडकीतून फेकायची. वाघ्या गप्प. म्हातारीला वाटे, आपण त्याला गप्प केलं. वाघ्या शिकला ते वेगळंच: भुंकलं की भाकरी पडते. तो रोज जास्त भुंकू लागला आणि म्हातारीच्या उशाशी भाकरी वाढू लागली.

जुन्नर-आंबेगावात कुत्र्याचं भुंकणं ही साधी गोष्ट नाही. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालू लागली. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. राखणदारच पहिलं भक्ष्य! तरी आपण त्याला रात्रभर उघड्यावर बांधतो. बांधलेल्या जिवाला पळताही येत नाही, हे कोण मनावर घेतो?

एका रात्री ऊस सळसळला. वाघ्या जीव तोडून भुंकला. खिडकीतून भाकरी आली. पुन्हा भुंकला, पुन्हा आली. सकाळी गोठ्यात तीनच शेळ्या होत्या, आणि अंगणात दोन चतकोर तसेच पडलेले. शेतकऱ्याने काठी घेतली आणि वाघ्याला झोडपलं. भाकऱ्यांकडे कुणी पाहिलं नाही.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढ्या रानात बसवून घेतात. असाच एक वाडा या शेतात उतरला होता. घरची सगळी मंडळी कार्तिकीला आळंदीला निघाली, तेव्हा शेतकरी वाड्यातल्या म्हातारीला म्हणाला, "मावशी, एवढं कुत्रं सांभाळा. निकामी आहे, पण टाकवत नाही."

मावशीने आधी वाघ्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा बांधला, कारण बिबट्या गळाच धरतो. दिवसा त्याला मेंढरांमागे चालवलं. अंधार पडायच्या आत, ठरल्या वेळी भाकरी. अंगावर उडी मारली की ती पाठ फिरवायची. चारी पाय जमिनीवर टेकले की भाकरी खाली ठेवायची. रात्री उगाच भुंकला तर वाड्यातलं पोरसुद्धा कूस बदलत नसे. पण कान टवकारून, एका दिशेला बघून भुंकला की कुणीतरी बॅटरी घेऊन उठायचं, तिकडे उजेड टाकून यायचं, पाठीवर हात फिरवून म्हणायचं, "बास." शब्द सगळ्यांचा एकच.

मंडळी परतली. वाघ्या शांत बसलेला पाहून शेतकऱ्याने विचारलं, "मावशी, काय औषध दिलंत?"

"औषध कसलं? भाकरी तीच, दादा. निस्ती येळ बदलली."

तिने सगळं समजावलं आणि वाडा पुढे गेला. खरी कसोटी आता होती. जुनी खिडकी दिसताच वाघ्या पहिल्या रात्री भुंकला, दुसऱ्या रात्री दुप्पट भुंकला. सवय सुटताना आधी जोर करते, आणि घरं नेमकी तिथेच हरतात. म्हातारीचा हात उशाकडे गेला. "मुकं जनावर आहे रे!" सुनेने भाकरीची दुरडी उचलून आतल्या खोलीत नेली. म्हातारी दोन दिवस सुनेशी बोलली नाही. पोरांनाही चोरून तुकडा टाकायची बंदी झाली. एकाने टाकला तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात. हळूहळू रात्री शांत झाल्या. वाघ्याची जागाही गोठ्यात, दाराच्या आत आली.

ऊसतोड सुरू झाली तशी एका रात्री वाघ्या भुंकला. यावेळी सगळं घर उठलं. बॅटऱ्या लागल्या, पोरांनी पत्र्याचे डबे बडवले. कुंपणापाशी दोन डोळे चमकले आणि उसात शिरले. शेळ्या तीनच्या तीन होत्या.

"बास," शेतकरी वाघ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला.

म्हातारी दारातून सगळं बघत होती. "आता तरी देऊ का रे त्याला चतकोर?"

"चतकोर कशाला आई? आख्खी दे."