काट्यांचा मुकुट

राजाने दुसऱ्यासाठी देह द्यावा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. शिबीने कबुतरासाठी स्वतःचे मांस कापून दिले. श्रियाळ-चांगुणेने अतिथीसाठी पोटचा चिलया दिला. ती कथा सिरियाळाच्या नावाने आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या घरीही नांदते. परंतु या कथांच्या अखेरीस गेलेले सारे परत मिळते. शिबीचा देह पूर्ववत होतो, चिलया हाकेसरशी येतो. त्यागाची खूण मागे उरत नाही.

ख्रिस्तकथा नेमकी येथे वेगळी होते. मृत्यूतून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच असतात आणि संशयी थोमापुढे तो तेच हात धरतो. नव्या कराराच्या अखेरच्या ग्रंथात सिंहासनापाशी जो कोकरा दिसतो, तोही वधलेलाच. म्हणजे राज्य हे बलिदानाचे बक्षीस नव्हे. फळाकडे डोळा ठेवून केलेला त्याग हा अखेर व्यवहारच. येथे व्रण हीच राजमुद्रा आहे.

आयुष्य सरकारी कागदांत गेल्यामुळे असेल, मला पिलाताच्या फलकाचे विशेष वाटते. या रोमन सुभेदाराने क्रूसावर ‘यहुद्यांचा राजा’ असे इब्री, लॅटिन व ग्रीक भाषांत लिहविले. हा स्वतःस तसे म्हणवीत होता एवढेच लिहा, अशी पुरोहितांनी हरकत घेतली. त्याने दुरुस्ती साफ नाकारली. निर्दोष माणसास सोडविण्याचे धैर्य ज्याला झाले नाही, जो हात धुऊन मोकळा झाला, तो मजकुराबाबत मात्र ठाम! (असा ठामपणा कचेऱ्यांत पुष्कळ आढळतो.) जांभळा झगा, काट्यांचा मुकुट, हा फलक: राजपदाची सारी चिन्हे उपहास करणाऱ्यांनीच पुरविली आणि भक्तांनी ती जशीच्या तशी स्वीकारली.

ही कथा फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओव्यांत आणली. ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. स्वर्गाला त्यांनी निःसंकोच वैकुंठ म्हटले. मात्र क्रूस आणि पोर्तुगीज राजाची तलवार गोव्याच्या किनाऱ्यावर बरोबरच उतरली होती. तलवार हाती न घेणाऱ्या राजाची कथा तलवारीच्या छायेत ऐकणाऱ्यांना काय वाटले असेल?

पुढे १९२५ साली, महायुद्धात रशिया, जर्मनी व ऑस्ट्रियाची सिंहासने कोसळल्यावर, पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला. त्याच्या चित्रांत मुकुट पुष्कळदा सोन्याचा असतो. मला तो खटकतो. हातांवरचे व्रण मात्र चित्रकार सहसा पुसत नाहीत.