सारथी शुद्धीवर आहे ना?



आजचं वाचन कठोपनिषदातलं. पहिला अध्याय, तिसरी वल्ली, तिसऱ्या मंत्रापासून पुढे. यमराज नचिकेताला रथाचं उदाहरण देऊन समजावतात. शरीर हा रथ. आत बसलेला मालक म्हणजे आत्मा. बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, आणि विषय म्हणजे घोडे ज्यांवरून धावतात ते रस्ते. ज्याचा सारथी जाणता आणि लगाम हातात, तो मुक्कामाला पोहोचतो. ज्याचा सारथी बेसावध, त्याला घोडे नेतील तिकडे जावं लागतं.

हे उदाहरण आपण कीर्तनात, प्रवचनात कितीतरी वेळा ऐकलंय. या आठवड्यात मात्र ते अगदी खऱ्या स्टिअरिंगसकट समोर आलं.

आमच्या रविवारच्या सत्संगाला एक मुलगा येतो. वय 23. एकोणिसाव्या वर्षापासून दारू, मित्रांबरोबर गांजाही. आता चार महिने झाले, सगळं बंद आहे. त्याच्या मामांचा एक ट्रक आहे, पुणे ते न्हावाशेवा माल जातो. त्याला मोठ्या गाडीवर ड्रायव्हर व्हायचंय. घरात आई घाबरलेली, आणि नातेवाईक हसतात. तो मला म्हणाला, "दादा, गाडीवर गेलो की आपोआप सुटेल ना? तिथे जुने मित्र नाहीत, कामात डोकं राहील."

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही शास्त्राला धरूनच द्यायला हवं होतं.

पहिली गोष्ट, या कामाला कमी लेखायचं कारण नाही. कुरुक्षेत्रावर भगवंतांनी स्वतःसाठी कोणती जागा निवडली? हातात शस्त्र न घेता घोड्यांचे लगाम धरायची. पार्थसारथी हे नाव आपण भक्तीने घेतो, आणि हायवेवर ट्रकवाल्याला मात्र 'ए' करून हाक मारतो. आपल्या डब्यातलं धान्य, मेडिकलमधलं औषध, ज्या लॅपटॉपवर मी हे टाईप करतोय तो लॅपटॉप, सगळं कुणीतरी रात्रभर जागून आणलेलं असतं.

दुसरी गोष्ट, क्रम महत्त्वाचा. उपनिषद आधी सारथ्याकडे बघायला सांगतं, मग घोड्यांकडे. नशेचं वैशिष्ट्य हेच की ती घोड्यांना नंतर धरते, सारथ्याला आधी. "दोनच पेग घेईन, मग थांबेन" हे ठरवणारा जो आहे, त्यालाच पहिल्या पेगने झोप लागते. मग थांबवणार कोण? म्हणून व्यसनी माणसाला "तुझ्यात इच्छाशक्तीच नाही" म्हणणं म्हणजे झोपलेल्या ड्रायव्हरला रस्त्याचे नियम वाचून दाखवण्यासारखं आहे.

आणि गाडीवर मोह कमी असतो, हा गैरसमज आहे. एकटेपणा, उलटसुलट झोप, लोडिंगसाठी तासन् तास ताटकळणं. मामांनीच त्याला सांगितलं की रात्री डोळे मिटू नयेत म्हणून कुणी तंबाखू, गुटखा चघळतं, कुणी अफूची बोंडं घेतं, आणि पोहोचल्यावर झोप यावी म्हणून दारू. एक नशा जागायला, दुसरी झोपायला. अशा ठिकाणी व्यसन सुटायला जाऊ नये. सुटलेलं सांभाळायची तयारी करून जावं.

चूक झाली तर किंमत काय? ताशी 60 किलोमीटर वेगात एक सेकंद उशिरा ब्रेक लागला, तर गाडी जवळपास 17 मीटर पुढे गेलेली असते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. तिथे भरलेला ट्रक असेल, तर ते 17 मीटर कुणाच्या तरी घरचे असतात.

तिसरी गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी. जयद्रथवधाचा दिवस आठवा. सूर्यास्ताच्या आत काम झालं नाही, तर अर्जुन अग्निप्रवेश करणार होता. याहून कडक डेडलाइन कुठली? तरी महाभारताच्या द्रोणपर्वात सांगितलंय की घोडे थकले, जखमी झाले, तेव्हा भर युद्धात रथ थांबवला गेला. अर्जुनाने बाणाने पाणी काढलं आणि शत्रूला थोपवून धरलं. श्रीकृष्णांनी घोडे सोडले, अंगातले बाण काढले, पाणी पाजलं, आणि मगच पुन्हा जुंपले. जागं राहण्यासाठी त्यांना काही चारलं नाही. विश्रांती दिली.

विश्रांती हा सारथ्याचा धर्म आहे. आपल्याकडे मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा होता, त्यात लिहिलेलं होतं: दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. रस्त्यावर तो किती पाळला जायचा, ते कुठल्याही ढाब्यावर विचारा. म्हणून त्या मुलाला म्हटलं, मामांशी भाड्याचं बोलायच्या आधी झोपेचं बोल.

चौथी गोष्ट, निर्णय आधी घ्यावा. आमच्या कामात प्रॉडक्शनवर रात्री दोन वाजता काय करायचं नाही, याचा नियम दुपारी शांत डोक्याने लिहून ठेवतात, कारण रात्री दोनला कुणाचंच डोकं धड नसतं. वारकऱ्यांना हे शेकडो वर्षांपासून माहीत आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की लग्नात, जत्रेत लोक स्वतःहून म्हणतात, "माळकरी आहे, त्याला आग्रह करू नका." मोहाच्या क्षणी भांडायचं काम माळ करते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत घसरणीची साखळी सांगतात, ती विषयाच्या नुसत्या चिंतनापासून सुरू होते आणि बुद्धिनाशापर्यंत जाते. शेवटची कडी तोडणं कठीण, पहिली सोपी. कुठल्या ढाब्यावर थांबायचं हे निघतानाच ठरवायचं, आणि रात्री नऊ वाजता कुणाला फोन करायचा तेही.

कायदाही इथे मदतीला येतो. ट्रकसाठी लागणारं व्यावसायिक लायसन्स विसाव्या वर्षाआधी मिळत नाही, आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. त्याचं हलकं लायसन्स आत्ताच निघालंय. म्हणजे एक वर्ष हातात आहे. ते वाया जाणारं वर्ष नाही. सारथ्याला जागं ठेवायच्या सरावाचं ते वर्ष आहे.

आता थोडं आपल्याकडे. शुक्रवारी रात्री पार्टी, कॅबने घरी, म्हणजे आपण जबाबदार, असं बऱ्याच जणांना वाटतं. हिशोब करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. ते साधारण ताशी 15 मिलिग्रॅमने उतरतं, कुणाचं हळू, कुणाचं भराभर. रात्री बाराला 150 असेल, तर सकाळी आठ वाजता तुम्ही बाईकला किक मारता तेव्हा जेमतेम 30 वर आलेलं असतं. कॉफीने, गार पाण्याच्या अंघोळीने झोप उडते, आकडा हलत नाही.

आणि ज्यांच्या घरी कुणी रोज पितंय, त्यांना हात जोडून एक सांगणं: एकदम बंद करायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला अचानक सोडल्यावर थरथर, भास, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय. केंद्र सरकारची 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही. जखमी घोड्याचे बाण भगवंतांनीही हाताने उपसून काढले होते.

आजची साधना छोटी आहे. झोपण्याआधी पाच मिनिटं बसा. दारू असो, सिगारेट असो किंवा रात्री उशिरापर्यंतचा मोबाईल, आपली साखळी कुठल्या वेळी, कुठल्या जागी सुरू होते ते एका ओळीत लिहा. खाली उद्यासाठी एकच बदल लिहा. आणि मग म्हणा: पांडुरंगा, रस्ता लांब आहे, घोडे अवखळ आहेत, तू शेजारी बस आणि माझ्या सारथ्याला झोपू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.