अनुशेषाचा हिशेब कोणाच्या हाती?

नांदेड-लातूरकडच्या प्रचारसभांत ‘अनुशेष’ म्हटले की टाळ्या ठरलेल्या. सत्तेतला म्हणतो भरून काढला, विरोधातला म्हणतो वाढला. 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की भर पडते ती पॅकेजची. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकीत 45 हजार कोटींहून मोठा आकडा जाहीर झाला. त्यात जुन्या योजना किती, नव्या किती, यावर वाद रंगला. पण पॅकेज ही सरकारची मर्जी असते आणि अनुशेष हे सरकारवरचे देणे असते, हा फरक त्या गदारोळात हरवला. देणे म्हटले की ते मोजणार कोण आणि वसूल करणार कोण, हे आधी ठरावे लागते. मराठवाड्यात हे दोन्ही अधिकार लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हातून कधी निसटले, याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही.

1953 चा नागपूर करार, 1956 च्या घटनादुरुस्तीने आलेले कलम 371(2), मग 1960 चा महाराष्ट्र हा क्रम सर्वांना पाठ आहे. लक्षात ठेवायचे ते एवढेच की या कलमात विकास मंडळांच्या तरतुदीबरोबर तीन गोष्टी होत्या: विकासखर्चाचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या सोयी आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी. 1974 चे मराठवाडा विकास आंदोलन पेटले ते याच मागण्यांवर, आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले त्यामागे नोकरीची चिंता मोठी होती. गोविंदभाई श्रॉफांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेने हा लेखी दावा पुढे अनेक वर्षे जिवंत ठेवला.

खरे वळण 1984 चे. वि. म. दांडेकर समितीचा अहवाल त्या वर्षी आला आणि तेव्हापासून तो मराठवाड्याच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून मिरवला जातो. हे वाचन अपुरे आहे. दांडेकरांनी विभाग नव्हे, तर जिल्हा हे माप घेतले. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीखाली कोणता जिल्हा किती, याची त्यांनी रुपयांत बेरीज केली. एकूण अनुशेष निघाला सुमारे 3,187 कोटी. त्यात विदर्भाचा 1,246.54 कोटी, मराठवाड्याचा 750.85 कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा 1,189.38 कोटी. म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवायचे, तो ‘उर्वरित महाराष्ट्र’ही याच यादीत येणेकरी म्हणून उभा राहिला. दांडेकरांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही; मागास जिल्हा कोकणातला असो की मराठवाड्यातला, तो मागासच. पण निजामाच्या राजवटीतून आलेल्या एका प्रदेशाशी झालेला करार इथे जिल्हावार तुटीचा तक्ता झाला. नऊ क्षेत्रांत नोकऱ्या नव्हत्याच. कलमातली तिसरी गोष्ट गळून पडली, आणि गोंगाट आकड्यांचाच एवढा होता की तिची उणीव फारशी कोणाला जाणवली नाही.

तक्त्याचे माप किती फसवे ठरू शकते, हे नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत दिसते. सिंचनाचा अनुशेष मोजायचा तो निर्माण झालेल्या सिंचन क्षमतेवर, म्हणजे प्रकल्प किती हेक्टर भिजवू शकेल यावर. धरणात पाणी आहे की नाही, हे तक्ता विचारत नाही. 2016 मध्ये धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात टँकरभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने आणले गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. कागदावरची सिंचन क्षमता तेव्हाही जिथल्या तिथे होती. नांदेडकडे, धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याची क्षमता 2.74 टीएमसी. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर त्याचे चौदाही दरवाजे वर ठेवायचे. दरवर्षी जुलैच्या पहिल्या तारखेला केंद्रीय जल आयोगाचे आणि राज्यांचे अधिकारी बंधाऱ्यावर येतात, एकेक दरवाजा उचलला जातो आणि साठलेले पाणी तेलंगणातल्या पोचमपाड धरणाकडे निघते. गोदावरी भरून वाहते ते महिने असे जातात. दरवाजे खाली येतात तेव्हा पावसाळा सरलेला असतो. हा बंधारा हिशेबात पूर्ण धरायचा की रिकामा?

मराठवाड्याने महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. चौघेही नांदेड-लातूरचे. विधिमंडळाने वैधानिक विकास मंडळांचा ठराव 26 जुलै 1984 ला केला. पुढच्या चार वर्षांतली जवळपास तीन वर्षे निलंगेकर आणि शंकरराव मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर होते. मंडळे आली 1994 मध्ये. याचा दोष एकट्यादुकट्याला देऊन भागत नाही. मुख्यमंत्री आपला असला की प्रश्न सुटतो, ही समजूत मात्र इथे कायमची मोडायला हवी होती.

योगायोगाने 1984 मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉन खटल्यात ठरवले की कायदा संदिग्ध असेल तिथे सरकारी यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मान्य करावा. चाळीस वर्षे त्यावर उद्योगसमूह, पर्यावरणवादी संघटना, कायदेपंडित भांडत राहिले आणि 2024 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. बरोबर कोण, हा मुद्दा वेगळा. तिथे निर्णय कोणी घ्यायचा हाच उघड वादाचा विषय होता. इथे तो अधिकार समितीकडून मंडळाकडे, मंडळाकडून राज्यपालांकडे सरकत गेला, आणि प्रत्येक टप्प्याला मराठवाड्याचा विजय म्हटले गेले.

1994 ला आधार धरून पुढच्या समितीने मोजणी केली तेव्हा मराठवाड्याचा अनुशेष 4,004.55 कोटी निघाला. मंडळांना सल्ल्यापलीकडे अधिकार नव्हते. 2001 मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधीवाटपाचे लेखी निर्देश दिले, तेव्हा मुख्यमंत्री होते लातूरचे विलासराव. मराठवाड्याला पैसा किती, हे लातूरच्या मुख्यमंत्र्याला राजभवनाने लिहून कळवायचे! पुढे उच्च न्यायालयानेही हे निर्देश सरकारवर बंधनकारक मानले. अनेकांना त्याचा आनंद झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. दुसरे कोणी ऐकत नव्हते. पण ज्या प्रश्नावर आमदाराने सभागृह बंद पाडायचे, त्यावर तो आता याचिकेच्या तारखेची वाट पाहू लागला.

30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली. मार्च 2021 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले की राज्यपालांनी विधान परिषदेवर नेमायच्या बारा आमदारांची नावे जाहीर केली की मंडळांचीही घोषणा करू. एका घटनात्मक हमीचा सौदा बारा जागांशी जोडला जाऊ शकला, कारण ती हमी तोवर दोन कार्यालयांमधला पत्रव्यवहार होऊन बसली होती. सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला आणि चेंडू केंद्राकडे गेला.

मंडळे हवीतच. पण त्यांचा अहवाल राजभवनाच्या आधी विधानसभेत चर्चेला यावा, लातूरचे पाणी प्रत्यक्ष मिळालेल्या घनमीटरने मोजावे, बाभळीची क्षमता दरवाजे मिटलेल्या महिन्यांपुरतीच धरावी आणि मंत्रालयातल्या, महामंडळांतल्या नोकऱ्यांत मराठवाड्यातले किती, ही 371(2) मधली सोडून दिलेली मोजणी पुन्हा सुरू व्हावी. ती मोजणी मागायला ना दिल्लीची परवानगी लागते ना न्यायालयाची. विधानसभेत मराठवाड्याचे 46 आमदार आहेत, आणि तारांकित प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यातल्या मंत्री नसलेल्या प्रत्येकाला आहे.