कुठला माणूस?

हा लेख संडासाबद्दल आहे. नाक मुरडू नका. नाक कुठं मुरडायचं हे आपल्याला कुणी शिकवलं, तोच तर प्रश्न आहे.

वाशीतली सिडकोची जुनी खोली. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीपल्याड नवं शहर उभं राहू लागलं. आमच्यासारखी माणसं चाळीतून, झोपडपट्टीतून इथं आली ती एका साध्या लोभानं : घरात नळ, घरात संडास. डबा घेऊन रांगेत उभं राहणं संपलं. माझ्या बापाची हयात मुंबईत सफाईकामात गेली. जाताना एकच सांगून गेला, "या कामाला हात लावायचा नाय." मी लावला नाही.

गेल्या पावसाळ्यात संडासाची टाकी वाहायला लागली. भिंतीवर उंच बसवलेली, साखळी ओढायची, बिडाची जुनी टाकी. रात्रंदिवस भांड्यात बारीक धार. प्लंबर आला, वर बघून म्हणाला, "असलं सामान आता मिळत नाय. आख्खी टाकी बदला. आन् खाली भांड्याचं काम निघालं तर ते मी करत नाय. त्याला दुसरा माणूस बघा."

मी मान डोलावली. पोराला म्हणालो, "जा, माणूस बोलावून आण."

पोरगं कॉलेजात जातं, मोर्च्यात घोषणा देतं. त्यानं सरळ विचारलं, "कुठला माणूस?"

मला बोलता येईना. उत्तर जिभेवर आलं होतं. ते एका जातीचं नाव होतं.

मग आम्ही दोघं स्टुलावर चढलो. झाकण काढलं. आतलं काहीच ओळखीचं नव्हतं. नव्या टाकीत तळाला रबराची झडप असते, ती गळते. इथं झडपच नाही. मधे उभी नळी, तिच्यावर बिडाची जड घंटा. साखळी ओढून सोडली की घंटा पाणी नळीच्या तोंडावरून ढकलते आणि सायफन लागून टाकी रिकामी होते. म्हणजे तळाशी बिघडण्यासारखं काही नाही. पाणी नळीच्या तोंडाच्या वर चढलं तरच वाहणार. दोष मग पाणी आत सोडणाऱ्या बॉलकॉकचा. पोरानं गोळ्याचा दांडा हातानं वर उचलून धरला. पाणी थांबलं असतं तर गोळ्यात भोक, नाहीतर दांडा वाकलेला. थांबलं नाही. म्हणजे वायसर गेलेला. खालचा कॉक बंद केला, पिन काढली, दांडा सुटला, पितळी पिस्टन बाहेर आला. वायसर एका बाजूनं झिजलेला. तोच उलटा करून बसवला. धार थांबली. मिनिटाला पाव लिटर धरलं तरी दिवसाला ३६० लिटर पाणी वाया चाललं होतं. तिकडं खालापूर तालुक्यात मोरबे धरणासाठी लोकांच्या जमिनी गेल्या, त्या धरणाचं हे पाणी.

आणि ते पाणी स्वच्छ होतं! गच्चीवरच्या एकाच टाकीतून एक नळ माठाकडं जातो, एक संडासाकडं. भिंत ओलांडली की तेच पाणी बाटतं काय? प्लंबरला तसं वाटलं. वाईट याचं की मलाही वाटलं.

आता कुणी म्हणेल, बघा, श्रमाला प्रतिष्ठा मिळाली. थांबा. १९३६ साली गांधींनी 'हरिजन'मधून आदर्श भंग्याचं चित्र रंगवलं. त्याच साली बाबासाहेबांनी उलगडून दाखवलं की जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच कप्प्याकप्प्यांत कोंडली. संडासाचं काम पवित्र म्हटल्यानं कप्पा फुटत नाही. आतल्या माणसाला आत राहायला बरं वाटावं, एवढंच होतं.

पण बापाची शपथही मला आता पुरत नाही. बापाचं बरोबर होतं. त्याला त्या कामातून सुटका हवी होती, पोराला त्यात ढकलायचं नव्हतं. मी मात्र सुटलो, आणि सुटल्यावर दुसऱ्याला तिथं उभं करायला निघालो. याला मुक्ती म्हणायचं? ही तर बढती झाली.

म्हणून म्हणतो, हात घालणं किंवा न घालणं हा कसोटीचा दगड नव्हे. माझ्या टाकीत मी कॉक बंद करून, पाहिजे तेव्हा हात घातला. गटारात उतरणाऱ्याच्या हातात बंद करायला कॉक नसतो. कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितलं, २०२३ साली ३० लाख. भरपाई वाढली, माणसं उतरतच राहिली. तिथं एकच भूमिका : माणूस उतरता कामा नये, यंत्र उतरलं पाहिजे.

आणि घरात? आपलं आपण शिकायचं. नाही जमलं तर कारागीर बोलवावा, पुरते पैसे द्यावे, चहा आपल्याच कपातून द्यावा. पण "माणूस बोलाव" म्हणताना तोंडात कुणाचं नाव येतं, ते आधी तपासावं. मी तपासलं. लाज वाटली. ती लाज तुमच्यापुढं ठेवतो, कारण ती माझ्या एकट्याची नसावी असा मला संशय आहे.

जयभीम.