लग्न झालंय का?

पाळी संपून दहा दिवस झाले होते आणि पुन्हा डाग दिसले. ॲपमध्ये नोंद केली आणि विसरले. पुढच्या महिन्यातही तेच झालं, तेव्हा आईला सांगितलं. "जागरणं कमी कर, ताणाने होतं गं," असं म्हणत ती माझ्यासोबत दवाखान्यात आली.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "लग्न झालंय का?"

"नाही," मी म्हणाले.

उत्तर शंभर टक्के खरं. पण त्यांना माझ्या लग्नाशी काही घेणंदेणं नव्हतं. शरीरसंबंध आहेत का, हे त्यांना विचारायचं होतं. ते मला कळलं होतं, आणि शेजारच्या खुर्चीवर आई होती. थोडक्यात, 'नरो वा कुंजरो वा'.

आपल्याकडे अविवाहित मुलीची आतून तपासणी सहसा करत नाहीत. त्यामुळे पोटावरून सोनोग्राफी झाली, ती नॉर्मल आली, रक्त थांबायच्या गोळ्या मिळाल्या. कोडच्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच इफमध्ये चुकीची व्हॅल्यू गेली. पुढचं लॉजिक अगदी बरोबर चाललं.

दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाण्याची कारणं खूप आहेत: चुकलेली गर्भनिरोधक गोळी, इमर्जन्सी पिल, जंतुसंसर्ग, गर्भधारणा, फायब्रॉइड, क्वचित कॅन्सर. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली अनियमित रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट केले. त्यातले पहिले चार रचनेतले बिघाड आहेत. ते तपासणीत, सोनोग्राफीत किंवा बायोप्सीत सापडतात. उपचार कारणावर ठरतो, म्हणजे आधी नीट बघावं लागतं. माझ्या बाबतीत बघायचं की नाही, हे लग्नावर ठरलं होतं.

गोळ्या संपल्या, डाग परत आले. दोन महिन्यांनी मी एकटीच दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी लग्नाचं विचारलंच नाही. "संबंधांनंतर रक्त जातं का?" जात होतं. आधी युरिन प्रेग्नन्सी टेस्ट, मग स्पेक्युलम लावून तपासणी. गर्भाशयाच्या मुखाशी छोटासा लालसर पॉलिप होता. चिमट्यात धरून पिरगाळून काढला, काही मिनिटांचं काम. बायोप्सीत वाईट काही निघालं नाही.

मग मी खोटं बोलले होते का? खोटं बोलून दुसऱ्याचं नुकसान होतं, असं मला वाटायचं. इथे फसल्या डॉक्टर, नुकसान माझं झालं. युधिष्ठिराला निदान युद्ध तरी जिंकायचं होतं! दोष प्रश्नाचा होताच. आईला दोन मिनिटं बाहेर बसवता आलं असतं. पण प्रश्न चुकीचा आहे हे कळूनही मी त्याच्या आड लपले. त्यात माझीही सोय होती. पॉलिपच्या जागी दुसरं काही असतं, तर ते दोन महिने कुणाच्या खात्यावर टाकायचे?

रिपोर्ट आल्यावर आईला सांगितलं, पॉलिप होता, काढला.

"मग त्या पहिल्या डॉक्टरना कसा दिसला नाही गं?"

"त्यांनी आतून तपासलंच नव्हतं," मी म्हणाले. हेही खरंच होतं.