दीर्घ अभ्यासांत उमेद कशावर टिकावी?

उत्साह ही देवाची देणगी आहे, परंतु ती दररोज सारखीच हाताशीं असते असें नाहीं. पेरणीच्या दिवशीं शेतकऱ्यास जो आनंद असतो, तो खुरपणीच्या वेळीं नसतो. म्हणून कांहीं तो खुरपें टाकून देत नाहीं. मग त्याचे हात कशाच्या बळावर चालतात? हा प्रश्न आज आम्ही विशेषेंकरून आमच्या मंडळ्यांतील त्या मुलामुलींसाठीं घेतों, जीं चार्टर्ड अकौंटंटच्या परीक्षेचा लांबलचक अभ्यास करीत आहेत.

ही परीक्षा कशी असते हें गांवांतील पुष्कळांस ठाऊक नसतें. १९४९ सालच्या कायद्यानें स्थापन झालेली दि इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकौंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था ती घेते. पहिली, मधली व शेवटची अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. २०२३ सालीं आलेल्या योजनेप्रमाणें मधल्या व शेवटच्या पायरीस प्रत्येकीं सहा विषय असून, ते तीन-तीनांच्या दोन गटांत वांटले आहेत. शिवाय दोन वर्षें अनुभवी हिशेबतपासनिसाच्या हाताखालीं काम शिकावें लागतें. प्रत्येक विषयांत शेंकडा ४० व गटाच्या एकंदर बेरजेंत शेंकडा ५० गुण पाहिजेत. ज्यास तीन विषयांत ४५, ४६ व ४८ गुण मिळाले, तो एकाहि विषयांत कमी पडला नाहीं. तरी ३०० पैकीं १५० हवे असतां त्याची बेरीज १३९ भरते, आणि तो गटांत नापास होतो.

अशा वेळीं मन खचतें. कोणी म्हणतात, पुढील पगार व मान डोळ्यांपुढें ठेवावा. कामकऱ्यानें मजुरीची आशा धरणें पाप नव्हे. परंतु ती मजुरी फार दूर आहे, आणि निकाल विपरीत लागला म्हणजे तीच आशा टोंचणी होते. दुसरे म्हणतात, देवाची इच्छा असती तर मी पहिल्यानेंच पास झालों असतों. या बोलण्यास पवित्र शास्त्रांत आम्हांस आधार दिसत नाहीं. निकाल इतकेंच सांगतो कीं, त्या दिवशीं त्या कागदावर काय लिहिलें गेलें. मनुष्याची किंमत तो सांगत नाहीं.

नहेम्याच्या पुस्तकाचा चवथा अध्याय पाहा. यरुशलेमेचा कोट अर्ध्या उंचीपर्यंत आला, आणि तेव्हांच लोक म्हणूं लागले कीं, ओझेंवाल्यांची शक्ति सरली व माती फार आहे. आरंभीं नव्हे, शेवटींहि नव्हे, तर अर्ध्यावर धीर सुटला. नहेम्यानें त्यांस मोठ्या उत्साहाची वाट पाहावयास सांगितलें नाहीं. त्यानें प्रभूचें स्मरण दिलें, घराण्याघराण्यानें लोक उभे केले, आणि जो तो आपल्या कामावर परतला. कोट बावन्न दिवसांत पुरा झाला. विद्यार्थ्यानेंहि सारा कोट एकदम पाहूं नये. आजचा आपला तुकडा पाहावा. आज इतकीं उदाहरणें वेळ लावून सोडवीन, चुकलेलें वहींत टिपीन, व रविवारीं प्रभूच्या दिवशीं विसावा घेईन, एवढा नेम पुरे.

परंतु नेमासहि मूळ पाहिजे, आणि तें मूळ या विद्येच्या हेतूंत आहे. हिशेब तपासणें म्हणजे दुसऱ्यांच्या पैशाविषयीं खरी साक्ष देणें. यरुशलेमेंतील पवित्र जनांसाठीं वर्गणी नेतांना पौलानें तीताबरोबर मंडळ्यांनीं निवडलेला बंधु घेतला, यासाठीं कीं कोणास दोष लावावयास जागा राहूं नये. १४९४ सालीं व्हेनिस येथें लूका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूनें आपल्या गणिताच्या ग्रंथांत दुहेरी जमाखर्चाची पद्धति मांडली, तेव्हां वह्यांचा आरंभ देवाच्या नांवानें करावा असें त्यानें व्यापाऱ्यांस सांगितलें. पतपेढींत आपली बचत ठेवणारी विधवा त्या वह्या वाचूं शकत नाहीं. कोणी खरेपणानें त्या तपासल्या आहेत एवढ्यावरच ती विसंबते. तिच्यासाठीं जो अभ्यास करतो, त्याचा आजचा दिवस निकालाच्या आधींच सेवेंत जमा झाला आहे.

तर मग कधींच माघार घेऊं नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें शिकविलें. घरावर कर्ज वाढत असेल, प्रकृति ढांसळत असेल, तर प्रार्थनापूर्वक विचार करून दुसरी वाट धरणें यांत लाज नाहीं. परंतु निकालाच्या संध्याकाळीं रडत घेतलेला निर्णय म्हणजे हिशेब नव्हे. कांहीं दिवस जाऊं द्यावे, आणि मग बसावें.

आईबाप हो, उपदेशक बंधूंनो, यांत आपलाहि वांटा आहे. नापास झालेला मुलगा लाजेनें मंदिराकडे फिरकत नाहीं, आणि नापास झालेल्या मुलीच्या घरीं लगेच लग्नाची बोलणीं सुरू होतात. मंदिराच्या दारांत निकाल विचारूं नका. जेवण झालें काय हें विचारा. त्यांस मंडळीच्या वर्गणीची वही लिहावयास द्या, म्हणजे आपली विद्या कोणाच्या उपयोगाची हें त्यांस दिसेल. कोट उभा राहिला तो घराण्याघराण्यानें, एकट्यानें नव्हे. ज्यानें थोडक्याविषयींचें विश्वासूपण मोलाचें मानलें, तो प्रभु आमच्या या मुलांस आजच्या दिवसापुरतें बळ देवो, आणि उद्यां पुन्हा देवो.